अपाचींचं वर्षचक्र: घायपाताची भट्टी, गवताचं घर, राळेची घागर आणि सॅन कार्लोसचा बिल्ला

रानवाटा

अपाचींच्या लढायांच्या धाग्यावर "एवढ्या रुक्ष मुलखात हे लोक खात काय होते?" असा प्रश्न आला आणि तसाच राहून गेला. उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढते. तह, सेनापती, मोहिमा यांची माहिती असणाऱ्यांनी खाली भर घालावीच. पण अपाचींच्या इतिहासातली बरीच कोडी त्यांच्या खाण्याच्या वेळापत्रकाकडे पाहिलं की सुटतात, असं माझं मत आहे.

आधी एक खुलासा. अपाची, म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येकडचे मूळ रहिवासी, ही एकच एक जमात नाही. अथाबास्कन भाषाकुळातल्या बऱ्याच गटांना मिळून ते नाव पडलं आहे. या कुळातल्या उत्तरेकडच्या भाषा आजही अलास्का आणि पश्चिम कॅनडात बोलल्या जातात. दक्षिणेतले नावाहो हे अपाचींचे अगदी जवळचे भाऊबंद. ॲरिझोनात पश्चिमी अपाची (व्हाइट माउंटन, सिबेक्यू, सॅन कार्लोस, टोंटो), ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोतलं सोनोरा जिथे भिडतात तिथे चिरिकाहुआ, न्यू मेक्सिकोच्या आग्नेयेला मेस्कालेरो, उत्तरेला हिकारिया, टेक्सासात लिपान आणि पूर्वेच्या मैदानांत कायोवा जमातीच्या सोबतीने राहणारे मैदानी अपाची. पश्चिमी अपाचींत आईकडून चालणारी गोतं आहेत, चिरिकाहुआंत गोत हा प्रकारच नाही. त्यामुळे "अपाची असं करायचे" असं वाक्य दिसलं की "कुठले?" हे विचारून घ्यावं.

आता वर्ष. पश्चिमी अपाचींचं घेते, कारण त्यांच्याकडे शेतीही होती. एप्रिलच्या सुमाराला डोंगरातल्या ओढ्याकाठच्या छोट्या वाफ्यांत मका, घेवडा, भोपळा लावायचा. रोपं हाताशी लागली की म्हाताऱ्या माणसांना राखणीला ठेवून बाकीचे निघाले. मेमध्ये घायपात. जून-जुलैत खाली गिला नदीच्या अंगाला उतरून सग्वारो निवडुंगाची फळं, लांब काठीच्या आकड्याने पाडायची. जुलै-ऑगस्टला एमरी ओकची बोंडं, त्याच्या पुढेमागे मेस्कीटच्या शेंगा (आपल्याकडची वेडी बाभूळ याच घराण्यातली). सप्टेंबर-ऑक्टोबरला परत वर येऊन मक्याची काढणी, मग पिन्यॉन पाइनच्या बिया आणि जुनिपरची फळं. थंडीत खालच्या उबदार भागात मुक्काम, शिकार आणि धाडी. एकूण खाण्यात शेतीचा वाटा साधारण पावच. बाकी सगळं शिकार आणि रानातलं. म्हणजे हे लोक भटकत नव्हते. कोणत्या महिन्यात कोणत्या उंचीवर काय पिकतं त्याप्रमाणे ठरलेल्या ठिकाणी जात होते, आणि तारीख चुकली की ते पीक वर्षभरासाठी गेलं.

या सगळ्यात घायपाताला तोड नाही. आपल्याकडे रेल्वेच्या कडेला आणि बांधावर दिसतो त्याच्याच जातकुळीतला, पण तिथल्या डोंगरात वाढणारा बुटका, गोल गड्ड्याचा. तो आयुष्यात एकदाच फुलतो, त्याला पंधरा-वीस वर्षं किंवा जास्तही लागतात आणि फुलला की मरतो. तेवढी वर्षं साठवलेली सगळी ताकद गड्ड्यात असते. फुलाचा दांडा बाहेर पडला की ती दांड्यात जाते. म्हणून दांडा निघायच्या जरा आधीचा, मधला कोंब फुगलेला गड्डा निवडायचा. हे ओळखणं बायकांचं काम, आणि खरं कसब तेच.

काढायची पद्धत: तीनेक फूट लांबीची ओकची फांदी घेऊन टोक छिन्नीसारखं चपटं करायचं. ते गड्ड्याच्या खाली बुंध्याला लावून वरून दगडाने ठोकायचं, गड्डा सुटून येतो. मग रुंद पात्याने पानं छाटायची. सगळी नाही, दोन पानं ठेवायची, त्यांची गाठ मारून गड्डे जोडीने लटकवून नेता येतात. छाटलेल्या गड्ड्याचा घेर दोन-तीन फूट. पानांचा रस कातडीला लागला की खाज आणि फोड येतात, कारण त्यात ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांबरोबर सॅपोनिनही असतं.

भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा. चिरिकाहुआंचा साधारण सात फूट व्यासाचा, तीन-चार फूट खोल. पश्चिमी अपाचींत दहा-बारा फुटांचेही होते. एकच खड्डा वर्षानुवर्षं वापरत. तळाला आणि कडेला सपाट दगड. दगड कोरडेच हवेत, कारण ओढ्यातला पाणी प्यालेला गोटा तापला की फुटतो. त्यावर ओक आणि जुनिपरची लाकडं रचायची, सूर्य उगवायच्या आत पेटवायची, दुपारपर्यंत निखारे बसतात. मग तापल्या दगडांवर ओल्या गवताचा थर, त्यावर गड्डे, वर पुन्हा ओलं गवत, त्यावर माती. एखाद-दुसरं लांब पान मातीतून वर डोकावेल असं ठेवायचं. ते ओढून काढलं की आतलं टोक पाहून किती शिजलंय ते कळतं. पश्चिमी अपाची साधारण दोन दिवस ठेवत, मेस्कालेरो आणि चिरिकाहुआ चार.

बिघडतं ते बहुतेक वेळा वाफेमुळे. माती खचून कुठे फट पडली आणि वाफ निघून गेली की त्या बाजूचे गड्डे पांढरे, कडू आणि दातांत अडकणारे राहतात. म्हणून दिवसरात्र लक्ष ठेवून फटीवर माती लोटत राहायचं. नीट शिजलेला गड्डा गडद तपकिरी, चिकट, गुळमट. थोडा तिथेच खाऊन बाकीचा कुटायचा, पातळ थर उन्हात वाळवायचा, वरून त्याचाच रस फासायचा. त्याचे कडक तक्ते होतात, घडी घालून घोड्यावर टाकता येतात आणि महिनोन् महिने टिकतात. खाताना पाण्यात भिजवायचे.

गोफण

लेख आवडला. दोन शंका. चार दिवस शिजवायची खरंच गरज असते की तो विधीचा भाग? आणि या घायपातालाच मेस्काल म्हणतात ना? मग मेस्काल नावाची दारू तीच का?

रानवाटा

गोफण, गरज असते. गड्ड्यात साठलेली असते ती फ्रुक्टान, म्हणजे फळसाखरेच्या लांबच लांब साखळ्या. आपल्या पोटाला त्या तोडता येत नाहीत. कच्चं किंवा अर्धवट खाल्लं तर गोडी नाही आणि पोटात वात धरतो. मंद आचेच्या ओलसर वाफेत पुष्कळ तास राहिल्यावर साखळ्या तुटतात आणि गोड होतं. नुसत्या जाळावर भाजलं तर बाहेरून करपेल, आत तसंच. पण म्हणून विधी नाही असंही नाही. चिरिकाहुआ बायका खड्ड्यातल्या मधल्या मोठ्या दगडावर काळ्या राखेने फुली काढून प्रार्थना करत. चार हा त्यांचा पवित्र आकडा आहेच.

दारूचं म्हणाल तर गाळायची भट्टी स्पॅनिश लोकांबरोबर आली. अपाचींच्या दृष्टीने हा गड्डा अन्नच. मेस्कालेरो हे नाव स्पॅनिशांनी दिलं तेही खाण्यावरूनच.

मधुमालती

दारूचा विषय निघालाच आहे तर अपाचींची मक्याची आंबील-दारू इथे यायलाच हवी. इंग्रजी कागदपत्रांत तिला कुठे टिझविन, कुठे टुलपाय म्हटलंय.

मका रात्रभर भिजवायचा. जमिनीत उथळ चर खणून गवत अंथरायचं, त्यावर मका पसरून पुन्हा गवत टाकायचं आणि रोज पाणी शिंपडायचं. दहाएक दिवसांत दीड-दोन इंचाचे मोड येतात. मग उन्हात वाळवून पाट्या-वरवंट्यावर भरडायचं. जातं नाही बरं का, तिकडे पाटा-वरवंटाच. भरड भरपूर पाण्यात उकळायची, निम्मी आटली की पुन्हा तेवढं पाणी घालून परत उकळायची. गाळून कोमट झाली की आधीच्या खेपेला वापरलेल्या न धुतलेल्या भांड्यात ओतायची. विरजण भांड्यालाच चिकटलेलं असतं. बारा ते चोवीस तासांत फेस येऊन बसला की प्यायची.

मोड आणायचं कारण सरळ आहे. मोडात जो पाचक घटक तयार होतो तो पिठूळपणाची साखर करतो. मोड आखूड राहिले तर साखर कमी आणि नुसतीच आंबट पेज होते. ही दारू सौम्य असते आणि एक-दोन दिवसांत आंबून जाते, साठवता येत नाही. त्यामुळे केली की सगळ्या वस्तीने मिळून संपवायची. चढावी म्हणून आधी उपास करत. सैन्याच्या अधिकाऱ्यांना नेमकं हेच खुपायचं, आणि त्यांनी तिच्यावर बंदी घातली. मे १८८५ मध्ये चिरिकाहुआ सरदारांनी ती पिऊन लेफ्टनंट ब्रिटन डेव्हिससमोर उभं राहून सांगितलं की आम्ही प्यालो, आता काय करणार? डेव्हिसने जनरल क्रुकला तार केली. ती मधल्या टप्प्यावर सॅन कार्लोसच्या राखीव जमिनीवरच्या ठाण्याला अडकली, कारण तिथल्या नव्या कॅप्टनने ती स्काउटांचा (सैन्यासाठी माग काढणाऱ्यांचा) प्रमुख अल सीबरला दाखवली आणि त्याने तिला महत्त्व दिलं नाही. उत्तर येईना, तशी जेरोनिमो आणि इतरांना अटकेची धास्ती वाटली आणि ते मेक्सिकोकडे निघून गेले. शेवटचं युद्ध तिथून सुरू झालं.

खडूस_काका

भट्टी झाली, दारू झाली. घर कुठाय? सिनेमात सगळे अपाची कातड्याच्या शंकूसारख्या तंबूत राहतात.

रानवाटा

काका, तो शंकूचा तंबू हिकारिया आणि मैदानाकडच्या मेस्कालेरोंकडे होता, कारण त्यांना गव्याची कातडी मिळायची. चिरिकाहुआ आणि पश्चिमी अपाचींचं घर गवताचं, घुमटासारखं. तेही बायकाच बांधत, आणि पक्कं बांधायला साधारण तीन दिवस लागत.

ओक किंवा विलोच्या ताज्या, लवचिक फांद्या वर्तुळात रोवायच्या, दोन फांद्यांत फूटभर अंतर. वर्तुळ आठेक फुटांचं. टोकं वाकवून युक्का नावाच्या झुडपाच्या पानाच्या पट्ट्यांनी बांधायची. मध्ये उंची सात फुटांच्या आसपास येते. फांद्या ताज्याच हव्यात, सुकलेली वाकवताना मोडते. मग बेअरग्रास नावाच्या लांब चिवट गवताच्या जुड्या खालून वर बांधत जायच्या, म्हणजे वरची जुडी खालचीवर येते आणि पाणी ओघळून जातं. वरून खाली बांधत आलात तर पाणी सांध्यातून सरळ आत. मधोमध चूल, तिच्यावर धुराला भोक, दाराला आडव्या काठीवर लटकवलेलं कातडं. पावसात बाहेरून कातडी टाकायची, उन्हाळ्यात उलट गवताच्या जुड्या काढून वारा घ्यायचा.

घरात कोणी वारलं की ते घर त्याच्या वस्तूंसकट जाळायचं आणि वस्ती हलवायची. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. बांधायला तीन दिवस लागणारं घर टाकून देणं परवडतं, हाही एक व्यवहार आहेच.

लग्न झालं की नवरा बायकोच्या माहेरच्या वस्तीत राहायला येतो. तिच्या आईबापांना शिकारीचं मांस द्यायचं, पण सासूच्या समोर मात्र यायचं नाही. दोघांनी एकमेकांना तोंड दाखवायचं टाळायचं. शिबिरातली घरं त्या अंदाजाने मांडलेली असतात.

मधुमालती

पाण्याच्या घागरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. सतत हलणाऱ्या माणसाला मातीचं भांडं म्हणजे डोकेदुखी. त्यांनी टोपलीलाच घागर केलं.

पश्चिमी अपाची सुमाक किंवा तुतीच्या फांद्यांची, अरुंद गळ्याची टोपली विणतात. वीण सैलसर चालते, कारण पाणी अडवायचं काम विणीचं नाहीच. आधी जुनिपरची पानं ठेचून लाल मातीत कालवायची आणि बाहेरून चोळून फटी बुजवायच्या. मग पिन्यॉनची राळ गोळा करून वितळवायची, कचरा काढायचा. गरम राळ आत ओतायची, तिच्याबरोबर तापवलेले खडे टाकायचे आणि टोपली गोल गोल फिरवायची, म्हणजे राळ कानाकोपऱ्यात पोचते. उरलेली ओतून काढायची. बाहेरून काठीला बांधलेल्या कुंच्याने लावायची. धरायला दोन-तीन कड्या, त्यातून पट्टा काढून पाठीवर घ्यायची. हिकारियांकडे जरा वेगळं: राळ फक्त आतून, बाहेर पांढरी माती.

चूक होते ती राळ उकळण्यात. जास्त आटवली तर थंडीत ठिसूळ होऊन तडकते. कच्ची राहिली तर उन्हात मऊ पडून ओघळते. तडकली तरी टाकायची नाही, निखारा जवळ धरून मऊ करायची आणि वरून नवा हात द्यायचा. पाण्याला राळेची चव येतेच.

गोफण

मधुमालती, हे भारी आहे. पण एक अवघड प्रश्न विचारतो. लूटमार हा यांचा धंदाच होता, हे कितपत खरं?

ताम्रपट

गोफण, पश्चिमी अपाचींकडे धाड आणि युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांची कारणं, माणसं, नियम सगळं वेगळं होतं.

धाड म्हणजे जनावरं आणायला जाणं. कोठारातलं सरत आलं की एखादी जाणती बाई बोलून दाखवायची, मग पाच ते पंधरा माणसं निघायची. दिसायचं नाही, लढायचं नाही, गुरं घेऊन पळायचं. मारामारी झाली म्हणजे धाड फसली. आणलेली जनावरं मुख्यतः खाण्यासाठी, आणि विधवांना वाटा द्यायचा. युद्ध म्हणजे आपलं माणूस मारलं गेलं त्याचा सूड. त्यासाठी मेलेल्याचे नातेवाईक आणि गोतवाले निरोप धाडून दोनशेपर्यंत माणसं जमवत, आधी नाच आणि विधी होत.

चिरिकाहुआ मुलाला पहिल्या चार मोहिमांत उमेदवारी करावी लागे. लाकूड-पाणी आणायचं, घोडे सांभाळायचे, थंड अन्न खायचं, ओठाला पाणी लागू न देता नळीने प्यायचं, अंग नखाने न खाजवता काठीने खाजवायचं, आणि त्या काळात खास शब्दच वापरायचे. हे पार पडलं की तो पुरुषांत धरला जाई.

सरदाराचं म्हणाल तर तो हुकूम सोडू शकत नव्हता. लोक ऐकत ते त्याच्या शहाणपणावर आणि दातृत्वावर. पटलं नाही तर कुटुंब उठून दुसऱ्या वस्तीत जाई. स्पॅनिश आणि अमेरिकन लोकांनी एका माणसाशी तह केला आणि मग "अपाचींनी मोडला" म्हणून ओरड केली, त्यातला अर्धा गोंधळ इथला आहे.

१७८६ नंतर स्पॅनिशांनी वेगळीच युक्ती काढली. ठाण्यांजवळ येऊन राहा, शिधा घ्या. धान्य, मांस, साखर, दारू, आणि मुद्दाम जुनाट बंदुका, म्हणजे दुरुस्तीला आमच्याकडेच याल. ते बऱ्यापैकी चाललं. १८३१ मध्ये मेक्सिकोने शिधा बंद केला आणि पुढच्या काही वर्षांत सोनोरा आणि चिवावा प्रांतांनी अपाचींच्या टाळूच्या कातडीवर इनाम लावलं. शिधा गेला, धाडी वाढल्या, धाडी वाढल्या म्हणून इनाम. ५ मार्च १८५१ ला सोनोराच्या सैन्याने हानोस गावाजवळच्या तळावर हल्ला केला. त्यात जेरोनिमोची आई, बायको आणि तीन मुलं मेली.

अमेरिकेशी सुरुवात त्यामानाने शांत होती. जानेवारी १८६१ मध्ये एका शेतातून मुलगा पळवला गेला. लेफ्टनंट बास्कमने चिरिकाहुआ नायक कोचीसला बोलणी करायला बोलावून तंबूत पकडायला पाहिलं. कोचीसच्या टोळीचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो तंबू फाडून निसटला, दोन्हीकडचे ओलीस मारले गेले आणि अकरा वर्षांचं युद्ध पेटलं. दुसरा नायक मांगास कोलोरादास जानेवारी १८६३ मध्ये तहाला आला असता पकडून मारला गेला.

खडूस_काका

ताम्रपट, कॅम्प ग्रँटबद्दल लिहा. आणि स्केलेटन केव्हचंही, तिथेही अपाचींचीच कत्तल झाली ना?

ताम्रपट

काका, स्केलेटन केव्हमध्ये २८ डिसेंबर १८७२ ला मारले गेले ते यावापाई. त्यांची भाषा वेगळी, युमन कुळातली. सैन्याच्या कागदांत त्यांना "अपाची-मोहावे" म्हटलंय म्हणून हा घोळ वारंवार होतो.

कॅम्प ग्रँट मात्र अपाचींचंच. १८७१ च्या फेब्रुवारीत नायक एस्किमिन्झिनचे अराव्हायपा अपाची कॅम्प ग्रँट या सैन्याच्या ठाण्यावर लेफ्टनंट व्हिटमनकडे येऊन म्हणाले, आम्हाला ओढ्याकाठी राहू द्या. त्याने शिधा सुरू केला, गवत कापायचं काम दिलं, मोबदला दिला. भट्टीच्या हंगामात घायपात भाजायला बाहेर जायची मुभाही होती. ३० एप्रिलच्या पहाटे टूसॉनहून आलेल्या टोळीने झोपलेल्या वस्तीवर हल्ला केला. टोळीत सहा गोरे, अठ्ठेचाळीसच्या आसपास मेक्सिकन आणि नव्वदहून जास्त तोहोनो ओओधाम या दुसऱ्या जमातीचे. शंभरहून जास्त मेले, बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं. तीसेक मुलं पळवून नेली. खटला डिसेंबरमध्ये उभा राहिला आणि ज्यूरीने एकोणीस मिनिटांत सगळ्यांना सोडलं.

आता रानवाटा यांच्या मुद्द्याकडे येतो. नोव्हेंबर १८७२ मध्ये क्रुकने टोंटो खोऱ्यात मोहीम काढली ती मुद्दाम हिवाळ्यात. चाकांच्या गाड्या सोडून खेचरांवर सामान, पुढे अपाची स्काउट. वस्ती सापडली की माणसं निसटली तरी चालतील, पण वाळवलेला घायपात, बोंडं, कातडी, टोपल्या सगळं जाळायचं. हिवाळ्यात ते परत मिळवता येत नाही, आणि बर्फात आग पेटवली तर धूर दिसतो. एप्रिल १८७३ पर्यंत शेकडो लोक उपासमारीने शरण आले. लढाईत हरले म्हणण्यापेक्षा कोठारं गेली म्हणून हरले.

मग सॅन कार्लोसची राखीव जमीन. १८७५ पासून सगळ्यांना तिथे कोंबायचं धोरण. त्या फेब्रुवारीत व्हर्दे खोऱ्यातून चौदाशेच्या आसपास यावापाई आणि टोंटो लोकांना हिवाळ्यात डोंगरातून सुमारे १८० मैल चालवत नेलं. १८७६ मध्ये चिरिकाहुआंची वेगळी राखीव जमीन रद्द झाली, १८७७ मध्ये ओहो कालिएंतेहून नायक व्हिक्टोरिओचे लोक आणले गेले. प्रत्येक प्रौढ पुरुषाला गळ्यात घालायचा पितळी बिल्ला, त्यावर टोळीचं अक्षर आणि त्याचा क्रमांक. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि शिध्याच्या दिवशी रांग. हजेरी चुकली तर माणूस "फरारी". आता वरचं वर्षचक्र बघा: मेमध्ये दोन-चार दिवस भट्टीवर, जुलैत बोंडांना, ऑक्टोबरमध्ये वर. बिल्ल्याच्या हजेरीत हे बसतच नाही. शिधा कमी पडायचा, ठेकेदार वजनात मारायचे, नदीकाठी हिवताप. व्हिक्टोरिओ १८७९ मध्ये शेवटचा बाहेर पडला आणि ऑक्टोबर १८८० मध्ये चिवावातल्या त्रेस कास्तियोसला मारला गेला.

मधुमालती

स्काउटांचं काय झालं तेही लिहा ना. जेरोनिमोला शोधणारेही अपाचीच होते.

ताम्रपट

हो, आणि सगळ्यात कडू भाग तोच. अपाचीला अपाचीच गाठू शकतो हे क्रुकला पटलं होतं. १८८६ मध्ये जेरोनिमो आणि नाइचेबरोबर बायका-मुलं धरून चाळीसच्या आत माणसं होती, मागावर सुमारे ५,००० अमेरिकन सैनिक. त्यांच्याशी बोलायला पर्वतात गेले ते मार्टिन आणि कायिता हे दोन चिरिकाहुआ स्काउट, लेफ्टनंट गेटवुडसोबत. ४ सप्टेंबर १८८६ ला स्केलेटन कॅन्यनमध्ये शरणागती झाली. त्यानंतर सरकारने शरण आलेल्यांनाच नव्हे, तर फोर्ट अपाचीजवळ शांतपणे शेती करणाऱ्या शेकडो चिरिकाहुआंनाही आगगाडीत घालून फ्लोरिडाला पाठवलं. मार्टिन आणि कायिताही त्यातच.

फ्लोरिडातून अलाबामा, तिथून १८९४ मध्ये ओक्लाहोमाचं फोर्ट सिल. मुलं पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत. क्षयाने पुष्कळ गेली. १९१३ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, सगळे युद्धकैदी, तिथे जन्मलेली मुलंसुद्धा. सुटका झाल्यावर बहुतेक मेस्कालेरोंच्या जमिनीवर गेले, ऐंशीच्या आसपास ओक्लाहोमात राहिले. जेरोनिमो १७ फेब्रुवारी १९०९ ला फोर्ट सिललाच वारला. तो टोळीचा नायक नव्हता बरं का, वैदू आणि मोहिमेचा म्होरक्या होता. वंशाने नायक म्हणाल तर कोचीसचा मुलगा नाइचे.

रानवाटा

ताम्रपट यांनी उमेदवार मुलाच्या नळीचा आणि खाजवायच्या काठीचा उल्लेख केला. त्याच दोन वस्तू मुलीच्या पहिल्या पाळीनंतरच्या सोहळ्यातही असतात. पश्चिमी अपाचींत तो चार दिवसांचा. मुलीच्या कपाळावर शिंपल्याचा तुकडा, केसांत गरुडाचं पीस, हातात घुंगरांची काठी. धर्ममाता तिच्या अंगाला मालीश करते, कारण त्या दिवसांत मुलीचं शरीर मऊ आणि घडवता येण्याजोगं असतं असं मानतात. काठी चारदा दूर रोवायची आणि मुलीने पळत जाऊन तिला वळसा घालून यायचं. चार फेऱ्या म्हणजे आयुष्याचे चार टप्पे. पाणकणसाचे पिवळे पराग डोक्यावर टाकून आशीर्वाद देतात. शेवटच्या दिवशी माती आणि मक्याच्या पिठाचा लेप.

खर्च भलताच, तयारी महिनोन् महिने. धर्ममाता नातलगांतली चालत नाही, आणि एकदा हो म्हटलं की दोन्ही घरं जन्मभराची बांधली जातात. मेस्कालेरोंकडे हा सोहळा ४ जुलैच्या आसपास होतो, कारण सरकारने विधींवर बंदी घातली तेव्हा स्वातंत्र्यदिनाला जमायची तेवढी परवानगी मिळत होती.

गोफण

आणि आज? यातलं काही उरलंय का?

मधुमालती

उरलंय. मेस्कालेरो आजही घायपाताची भट्टी लावतात. ॲरिझोनात एमरी ओकची बोंडं जुलै-ऑगस्टला गोळा होतात. ओक फ्लॅट नावाचं पठार त्यासाठी आणि विधींसाठी सॅन कार्लोसच्या लोकांना महत्त्वाचं. १९५५ मध्ये तिथे खाणकामाला मनाई झाली होती. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून ती जमीन रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या तांब्याच्या कंपनीला अदलाबदलीत द्यायचं ठरलं. खाण खालून पोखरत जायच्या पद्धतीची, म्हणजे वरचं पठार खचून जवळपास पावणेदोन मैल रुंद आणि हजारेक फूट खोल खड्डा पडणार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपाची संघटनेचा दावा ऐकायला नकार दिला.

खडूस_काका

ओकची बोंडं कडू असतात ना? धुवून धुवून कडूपणा काढावा लागतो असं वाचलंय.

मधुमालती

काका, कॅलिफोर्नियाच्या ओकला ते लागतं. एमरी ओकमध्ये टॅनिन, म्हणजे कडूपणा देणारा घटक, इतकं कमी की झाडाखालचं उचलून तसंच तोंडात टाकता येतं. भोक पडलेली बोंडं वगळायची, आत अळी असते. उरलेली उन्हात खडखडीत वाळवायची, पाट्यावर हलकेच ठेचायची, पाखडून टरफल काढायचं आणि गर बारीक वाटायचा. गोमांस किंवा हरणाचं मांस हाडासकट मऊ शिजवायचं, धागे सोडवायचे, त्यात पीठ चोळायचं आणि मग रस्सा परत ओतायचा. पीठ उकळत्या रश्शात टाकून शिजवत बसलात तर गुठळ्या होतात आणि कडसर लागतं. पीठ एका वेळी लागेल तेवढंच करायचं; यात तेल बरंच असतं, दळलेलं उन्हाळ्यात लवकर खवट होतं, टरफलातलं मात्र वर्षभर राहतं.